पिचकारीचा ढोल

बुधवारी जन्मलेल्या मुलाला क्वाकू म्हणतात हे आम्हाला कळलं, त्या दिवशी आमच्या खानावळीत कुणालाच धड जेवता आलं नाही. परळच्या गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकायला आलेला घाना देशाचा एक मुलगा पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आला होता. त्याला घेऊन आले होते माझे मामा. ते त्याच कॉलेजात शिपाई होते आणि ‘पोरगा मेसचं खाऊन वाळत चाललाय’ असं त्यांचं म्हणणं होतं. आईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि नाव विचारलं. तो म्हणाला, “क्वाकू.” पंगतीतले गिरणीकामगार एकमेकांकडे बघायला लागले आणि मग हशा उसळला. दारातून वाकून आत यावं लागलेला एवढा मोठा माणूस, आणि नाव काय, तर काकू. आईनं तोंडाला पदर लावला. तोही हसला, कशाला हसतात ते न कळता. मी तेव्हा नववीत होते. शाळेतल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्याला सांगितलं की आमच्यात काकू म्हणजे चुलत्याची बायको. ते कळल्यावर मात्र तो असा हसला की त्याला ठसका लागला आणि आईला पाण्याचा तांब्या पुढे करावा लागला.

मग त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्या लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आधी मिळतं, बाकीची नावं मागाहून. आत्मा त्या वाराबरोबर येतो, असं त्याची आजी म्हणायची. त्यानं पंगतीतल्या प्रत्येकाला वार विचारला, पण कुणालाच आपला वार ठाऊक नव्हता. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले माझे आजोबा तेवढे बोलले. “मी बुधवारचा. म्हणून तर बुधा.” आजोबा फारसं बोलत नसत, त्यामुळे सगळ्यांनी माना वळवल्या. आजोबा पुढे म्हणाले, “गावी आमच्यात तशीच नावं. सोम्या, मंगळ्या, बुध्या. चांगलं नाव ठेवलं तर गावाला राग यायचा.” हे मी इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण क्वाकूला कळलं. त्यानं हात धुतले, आजोबांसमोर येऊन जरासा वाकला आणि म्हणाला, “माझ्या देशात तुम्हीसुद्धा क्वाकू. आणि हे नाव आम्ही राजालाही देतो.” त्या दिवसापासून पंगत त्याला बुधा म्हणायला लागली आणि आजोबा ‘धाकला बुधा’.

आमची खानावळ म्हणजे करी रोडच्या एका चाळीतली तळमजल्यावरची खोली. जेवणाच्या वेळी ती खानावळ आणि बाकी वेळ आमचं घर. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांची पाळी बदलली की घराचं सगळं वेळापत्रक बदलायचं, पण आईच्या स्टोची घरघर कधी बदलली नाही. सकाळी ती भाकऱ्या थापायला बसायची ती थेट पहिल्या पाळीची माणसं जेवून जाईपर्यंत. आमची माणसं बहुतेक रत्नागिरीकडची, आमच्याच समाजातली, बायकापोरं गावाला ठेवून आलेली. कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, आमसुलं घातलेलं बोंबलाचं कालवण, आणि रविवारी मटण. क्वाकूला भाकरी आधी जमेना. तो तिचे लहान गोळे करून कालवणात बुडवायचा, आणि नंतर कळलं की त्यांच्याकडे असंच खातात. सुक्या मासळीचा वास आला की त्याचे डोळे मिटायचे. एकदा त्यानं आईला शेंगदाण्याचं कूट घालून मासळीचं कालवण करायला सांगितलं. आई म्हणाली, “शेंगदाणे आणि मासळी? वेडा की काय हा?” पण केलं. ते माणसांना इतकं आवडलं की पुढे दर आठवड्याला व्हायला लागलं. अजूनही मी ते करते. सून म्हणते ही कुठली रेसिपी, मी सांगते करी रोडची.

चाळीच्या मागच्या अंगाला नळ होते आणि नळांच्या पलीकडे एक मोठं झाड. थंडी सरता सरता ते शेंड्यापासून लालभडक व्हायचं. कळ्या तपकिरी, वाकड्या, मांजरीच्या नखासारख्या. आत पाणी भरलेलं. टोक दाबलं की चिळकांडी उडायची. म्हणून आम्ही पोरं त्याला पिचकारी म्हणायचो. बायका मात्र त्याला शिव्याच घालायच्या, कारण वाळत घातलेल्या कपड्यांवर फुलं पडली की डाग जात नसत. शाळेत मी एकदा बाईंना त्याचं खरं नाव विचारलं होतं. बाई म्हणाल्या, ते झाड आफ्रिकेतलं आहे, त्याला मराठी नाव नाही. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, “मग आपण रोज हाक मारतो ती काय इंग्रजी?”

क्वाकूला ते झाड दिसलं ते फुलं लागल्यावरच. जेवून मागे हात धुवायला गेला तो परत येईना, म्हणून मी बघायला गेले. तो झाडाच्या बुंध्यावर पंजा ठेवून उभा होता. मग त्यानं खाली पडलेली एक कळी उचलली, पोरांसारखी दाबली आणि माझ्या तोंडावर पाणी उडवलं. “कोकोनिसुओ,” तो म्हणाला. “आमच्या जंगलातलं झाड आहे हे. न्सुओ म्हणजे पाणी.” मी त्याला आमचं नाव सांगितलं आणि त्याचा अर्थही. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हीही पाण्यावरूनच ठेवलंत.” मला ते फार नवलाचं वाटलं. मधे एवढा समुद्र, आणि दोन्हीकडच्या पोरांनी कळी दाबून बघितली असणार, त्याशिवाय अशी नावं पडत नाहीत. आज लोअर परळला एका ऑफिसच्या फाटकाशी हेच झाड आहे आणि त्याला पत्र्याची पाटी आहे. पाटीवर लॅटिन नाव आहे. ते बरोबरच असणार. पण ते वाचून झाडात पाणी आहे हे कुणाला कळेल, असं मनात येतंच.

तो रोज काही ना काही सांगायचा. त्याची आजी या झाडाची साल उकळून त्या पाण्यानं पोरांची खरूज धुवायची. लोहार याच्या लाकडाचा भाता करायचे, कारण ते हलकं, आणि लवकर पेट घेत नाही. बियासुद्धा काही ठिकाणी खातात. आणि याचे ढोल करतात. मोठे, राजाचे ढोल दुसऱ्या झाडाचे. ते झाड तोडण्याआधी बुंध्यावर अंडं फोडून त्याची परवानगी मागावी लागते. हे पिचकारीचं लाकूड शिकणाऱ्यांच्या ढोलाचं. त्याचा स्वतःचा पहिला ढोल याचाच होता. आई परात घासता घासता ऐकत होती. म्हणाली, “आणि आम्ही इतकी वर्षं नुसतं कपड्यांसाठी रडतोय.”

त्या झाडाचं लाकूड ठिसूळ असतं. एका दुपारी, वारा नाही काही नाही, अर्धं झाड मधोमध चिरलं आणि नळांवर येऊन पडलं. पाण्याची वेळ टळून गेली होती म्हणून कुणाला लागलं नाही. चाळ गोळा झाली. म्युन्सिपाल्टीची माणसं दुसऱ्या दिवशी ओंडके न्यायला येणार होती. क्वाकू संध्याकाळी जेवायला आला, त्यानं ते पाहिलं आणि ताटावर बसायच्या आधीच बाबांना विचारलं की बुंध्याचा एक तुकडा मिळेल का. बाबा म्हणाले, “घे की. काय करणार?” तो म्हणाला, “ढोल.”

कोपऱ्यातून आजोबा म्हणाले, “या घरात ढोल येणार नाय.”

आवाज चढवून नाही बोलले. पण बाबांनी हातातला घास खाली ठेवला. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. क्वाकूला वाटलं त्याच्याकडून काही चुकलं. तो परत परत माझ्याकडे बघायला लागला. आजोबा म्हणाले, “त्याला सांग गो बाय, त्याच्यावर राग नाय. त्याला बसव. सांगतो.”

त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. गावी पालखी निघाली की ढोल वाजवायचं काम आमच्या घराकडे असायचं. काम म्हणजे मान नव्हे, सक्ती. पालखी देवळाच्या पायऱ्या चढायची आणि वाजवणारे खाली, ओढ्याच्या काठी उभे राहायचे. दिवसभर उभ्यानं वाजवायचं, कुणी थांब म्हणेपर्यंत. थांब म्हणणारे सावलीत बसलेले असायचे. एकदा तापानं फणफणलेले आजोबा ढोल उतरवून पाणी प्यायला थांबले, तेव्हा त्यांच्या पाठीवर काठी पडली आणि ढोल लगेच पुन्हा सुरू झाला. कारण त्यांच्या वडिलांनीच तो त्यांच्या गळ्यात परत अडकवला होता. आजोबा म्हणाले, “काठीचं काय नाय. पण बापानं अडकवला, ते लागलं.” पुढे धम्म घेतला, त्या वर्षी गावातल्या आमच्या माणसांनी सगळे ढोल खाडीत नेऊन टाकले. आजोबांनी स्वतःचा टाकला आणि मुंबईची बोट धरली. त्यानंतर त्यांनी कशावरही थाप मारली नव्हती. घरात कुणी डब्यावर ठेका धरला तरी ते उठून बाहेर जायचे. ते का, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

हे सगळं क्वाकूला सांगताना माझी इंग्रजी संपली. उरलेलं त्यानं आमच्या तोंडावरून समजून घेतलं असावं. तो म्हणाला, “मग मी नाही करणार.” तेव्हा आई उठली. तिनं स्टो बंद केला. तो बंद झाल्यावर खोली किती शांत होते ते आम्हाला विसरायलाच झालं होतं. ती म्हणाली, “मामंजी, घरात येणार नाही ना? नको येऊ दे. बाहेर मागच्या पडवीत करेल. पोरगं आईबापापासून लांब आहे, त्याला त्याच्या घरचं काहीतरी करू द्या.” आजोबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘कर’ असा होता.

बाबांचा एक मित्र रे रोडला लाकडाच्या वखारीत होता. त्यानं वाकस, पटाशी, मोगरी अशी सुतारकामाची हत्यारं आणून दिली. क्वाकू कॉलेज सुटलं की यायचा, जेवायचा आणि पडवीत बसून ओंडका पोखरायचा. ओल्या लाकडाला लसणासारखा वास यायचा. पहिल्या दिवशी आईनं आत फोडणी करपली की काय म्हणून धावत येऊन बघितलं होतं. लाकूड मऊ असल्यामुळे पटाशी भराभर आत जायची, पण घाई केली तर तडा जातो, म्हणून तो सावलीतच काम करायचा आणि रोज जाताना ओलं फडकं गुंडाळून ठेवायचा. मी शेजारी बसून छिलके गोळा करायचे. मग हळूच तो मला मांडीवर ठेके शिकवायला लागला. हाताचा तळवा कुठे पडायचा, बोटं कुठे, कुठला आवाज जाड आणि कुठला बारीक. त्यांच्यात ढोल बोलतो असं तो म्हणायचा, म्हणजे खरोखरचे शब्द बोलतो, कुणाला ये म्हणतो, कुणाला निरोप देतो. मला ते जमत गेलं. कसं, ते सांगता येणार नाही, पण पहिल्या आठवड्यातच मला कळलं की हे मला येतं. आयुष्यात एखादीच गोष्ट अशी असते की ती शिकताना आठवल्यासारखी वाटते. मला तसं वाटलं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

कातडं लालबागच्या मटणवाल्याकडून आणलं. ते भिजवून, घासून, ताणून, कडेला पेरूच्या लाकडाच्या खुंट्या ठोकून त्यानं ढोल बांधला आणि खोबरेल लावून चकचकीत केला. आजोबा या सगळ्या दिवसांत पडवीत आले नाहीत. पुढच्या दारानं जायचे आणि पुढच्याच दारानं यायचे. कातडं वाळल्यावर मी पहिल्यांदा वाजवला तेव्हा ते खोलीतच होते. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले नाहीत. एवढंच आईनं नंतर मला सांगितलं.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. चाळीच्या मंडळाचे सेक्रेटरी गमरेकाका क्वाकूला येऊन म्हणाले की तू मिरवणुकीनंतर पटांगणात वाजव, लोकांना गंमत वाटेल. क्वाकू म्हणाला, “मी नाही. ही वाजवेल.” गमरेकाकांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. मंडळासाठी त्यांनी रक्त आटवलं होतं, आणि जे म्हणाले ते मनापासून म्हणाले. “अरे, आपण ढोल टाकून आलो. कशासाठी टाकला? आणि जयंतीच्या दिवशी आपल्याच पोरीच्या हातात तोच द्यायचा? गाववाले बघतील तर काय म्हणतील?” मला वाजवायचं होतं आणि गमरेकाकांचंही खरं होतं. बाबा म्हणाले, “तात्या ठरवतील.” बाबा आजोबांना तात्या म्हणायचे.

आजोबांनी क्वाकूला समोर बसवलं आणि मला मधे. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे वाजवणारा कुठं असतो?”

“राजाच्या शेजारी,” क्वाकू म्हणाला.

“खाली?”

“शेजारी. आणि कधीकधी पुढे.”

“त्याला थांब कोण म्हणतो?”

क्वाकूला प्रश्न कळला नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारला. तो म्हणाला, “कळला. कुणीच नाही म्हणत. तो वाजवत असताना राजासुद्धा त्याला हात लावू शकत नाही. त्याचं संपलं की तो थांबतो.”

आजोबांनी मला विचारलं, “खरं सांगतो हा, का तू मधे गोड करून सांगतेस?” मी म्हटलं, “खरंच सांगतोय.” आजोबांनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसत बसले. त्या दिवशी त्यांनी काही ठरवलं नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. मग एका सकाळी मी शाळेत निघाले होते तेव्हा दारात मला थांबवून म्हणाले, “मी वाजवणार नाय. मी टाकला तो टाकला. पण तू वाजव. उभ्यानं नाय वाजवायचं. खुर्चीवर बसायचं. आणि कुणी थांब म्हणालं तर थांबायचं नाय.” गमरेकाकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. काय सांगितलं ते दोघांनाच ठाऊक. पण गमरेकाकांनी मंडळाच्या ऑफिसातली हाताची खुर्ची, अध्यक्षांची, स्वतः उचलून पटांगणात आणून ठेवली.

तो ढोल पुढे तीन-चार पावसाळेच टिकला. लाकडात भुंगा लागला, पीठ पडायला लागलं. क्वाकू शिक्षण संपवून परत गेला आणि त्याचा ठावठिकाणा मला राहिला नाही. पण मी वाजवत राहिले. आधी गायन पार्टीत ढोलकी, तीही पुरुषांच्या पार्टीत एकटी बाई म्हणून. मग स्वतःची पार्टी. आता टॉवरमधल्या मुली शिकायला येतात, काही जणींच्या आज्या आईच्या खानावळीतल्या माणसांच्या नात्यातल्या निघतात. मला कुणी विचारलं की पहिल्यांदा लोकांसमोर वाजवताना भीती वाटली का, तर खरं उत्तर ‘नाही’ असंच आहे. भीती बाबांना वाटत होती. मला फक्त सुरू करायची घाई झाली होती.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी वंदना झाली, भाषणं झाली आणि मी खुर्चीत बसले. ढोल दोन गुडघ्यांत धरला. पहिली थाप पडली तेव्हा मागच्या बाजूला बोलणारे पुढे सरकले. क्वाकूनं शिकवलेल्या ठेक्यांतून मी आमच्या गाण्यांच्या चालींत शिरले आणि परत बाहेर आले. हे आधी ठरवलं नव्हतं. लोक उभे होते, कारण बसायला जागाच नव्हती. आजोबा माझ्या डाव्या हाताला, जमिनीवर सतरंजीवर बसले होते. वाजवता वाजवता माझं लक्ष फाटकाकडे गेलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पांढरा सदरा, हातात छत्री. मी त्यांना ओळखत नव्हते. आजोबांनी ओळखलं. ते गृहस्थ आमच्या गावच्या खोतांच्या घरातले होते, पालखीच्या दिवशी सावलीत बसणाऱ्यांपैकी. कूळकायद्यात जमीन गेली तेव्हा मुंबईला आले आणि जवळच्याच गिरणीत कारकून झाले. एवढी वर्षं ते दोन गल्ल्या पलीकडे राहत होते आणि आमच्या चाळीच्या फाटकाच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाबा उठून त्यांच्यासाठी खुर्ची आणायला निघाले. आजोबांनी बाबांचा हात धरला. “वाजवणं संपू दे,” ते म्हणाले. “मग दे.”

मी आणखी बराच वेळ वाजवलं. कुणी थांब म्हटलं नाही. माझं संपलं तेव्हा मी थांबले.

मग बाबांनी खुर्ची नेली आणि आईनं चहा. आमच्याच घरातला कप. खोतांनी तो घेतला, क्षणभर हातात धरून राहिले आणि प्यायले. कप रिकामा करून आईच्या हातात परत दिला. आजोबा उठून त्यांच्याजवळ गेले तशी मीही मागोमाग गेले. खोत आजोबांना म्हणाले, “पोरगी छान वाजवते. अजून एकदा वाजवेल का?”

आजोबा म्हणाले, “मला काय विचारता? तिला विचारा.”

ते माझ्याकडे वळले. माझ्या आजोबांपेक्षाही मोठे असतील वयानं. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, घसा साफ केला आणि मला विचारलं.

मी म्हटलं, “वाजवते. बसा.”